मोटारीचं कपाळ

नवी वस्तू घरात आली की शेजारचे नाना आधी तिचं कपाळ शोधत. छत्री आणली तर टिळा मुठीला, घड्याळ आणलं तर बाराच्या आकड्यावर. धारला आमच्या आळीत पहिला नळ आला तेव्हा नाना कुंकवाची कुयरी घेऊन बराच वेळ त्याच्यापुढे उभे होते. शेवटी मलाच माळवी थाटात भाऊ म्हणून हाक मारत म्हणाले, "भिया, याचं कपाळ वर का खाली, ते तू सांग. तू मोटारवाला."

मी सरदारांच्या मोटारीवर ड्रायव्हर. तेव्हा यंत्र म्हटलं की ते मला कळणारच, असा नानांचा ठाम समज होता. नानी गेल्यापासून कुयरी त्यांच्या ताब्यात आली होती. कोणी गावाला निघालं की ते ओट्यावर हजर. "कोऱ्या कपाळानं जाऊ नये," म्हणत आणि दोन बोटं भरून टिळा लावत. आळीतले कारकून कचेरीत शिरण्याआधी कपाळ पुसायला वेगळा रुमाल बाळगत.

त्यांची एकुलती एक मुलगी गोदू बाळंतपणाला आली होती, ती तान्ह्याला घेऊन बदनावरला सासरी निघायची होती. बैलगाडीत मुलाचे हाल नकोत म्हणून सरदारांनी मोटार देऊ केली. निघायचा दिवस ठरला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी अमावास्या; म्हणजे तो दिवस चुकवून चालणार नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी मोटारीला पेट्रोलचा नवा पंप बसवला. नाना शेजारी पाट टाकून बसलेले. "ही नळी कशाला? हे भोक कशाला?" मी टाकीच्या झाकणाचं बारीक भोक दाखवून सांगितलं, "यातून हवा आत गेली नाही, तर पंपानं कितीही ओढलं तरी पेट्रोल यायचं नाही."

"अच्छा," म्हणून नानांनी तपकीर ओढली.

सकाळी नव्या पंपाची पूजा झाली, नारळ फुटला, गोदू मुलाला घेऊन मागे बसली. मी हँडल मारलं. मोटार खोकली आणि गप्प झाली. पुन्हा मारलं, तर खोकलीही नाही. ठिणगी पाहिली, ठीक होती. टाकी काठोकाठ भरलेली, पण पंपाकडची नळी कोरडी. नवा पंपच फसवा निघाला म्हणून मी त्याला शिव्या घातल्या, खोलून पाहिला, तर तो बिचारा धडधाकट. घामानं माझा सदरा पाठीला चिकटला. गोदू कंटाळून मुलाला घेऊन घरात गेली.

शेवटी मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं. सूं करून हवा आत गेली. झाकणावर कुंकू आणि गंधाचा जाडजूड टिळा होता, वर अक्षता दाबून बसवलेल्या. भोक पार बुजलेलं.

"नाना, मोटारीचं कपाळ इथं असतं?"

नाना जवळ आले. घराच्या दाराकडे एकदा पाहून हळूच म्हणाले, "भोक कशाचं ते काल तूच सांगितलंस ना, भिया." मग तपकिरीची डबी चाचपत, "पोरगी गेली की घर खायला उठतं रे."

मी झाकण होतं तसं, टिळ्यासकट, घट्ट बसवलं आणि दाराशी जाऊन हाक मारली, "गोदूताई, आज काही जमत नाही. बदनावरला निरोप धाडतो. अमावास्या उलटू द्या."

"यंत्र आहे, चालायचंच," नाना मागून मोठ्यानं म्हणाले.

मी कुठे निघालो नव्हतो. तरी त्यांनी कुयरी उघडली आणि माझ्या कपाळावर दोन बोटं भरून टिळा लावला. तो मी दिवसभर पुसला नाही.