गायकवाड सरांचे क्लचर

अंबरनाथच्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून रुजू झाले, त्या दिवशी गायकवाड सरांनी नाव विचारायच्या आधी माझ्या केसांतला क्लचर मागितला. नवाकोरा होता हो! पक्कडीने त्याच्या पाकळ्या वाकवल्या, मध्ये मणी बसवला आणि खुशीत म्हणाले, "याला म्हणतात पकड."

मणी म्हणजे पॅलेडियम आणि क्लचर म्हणजे लिगंड, द्रावणातल्या धातूला धरून ठेवणारा रेणू. फार घट्ट धरलं की धातू कामच करत नाही. सैल धरलं की पिवळं द्रावण काळं पडतं, धातूची काजळी तळाशी बसते. सरांनी बत्तीस लिगंड बनवले आणि बत्तीस वेळा फसले. दर वेळी "पकड चुकली" म्हणत ते दुप्पट उत्साहाने उल्हासनगरला नवे क्लचर आणायला निघत. शेवटी मोठ्या साहेबांनी बजावलं, तेहतिसावा फसला तर हे काम कायमचं बंद.

तेहतिसाव्याच्या पाकळ्या सरांनी जरा फाकवल्या. एरवी अकरापर्यंत काळं पडणारं द्रावण चार वाजले तरी पिवळं! जेवणाचे डबे कुणी उघडलेच नाहीत. नमुना तपासायला शेजारच्या इमारतीत धाडला होता. तिथल्या माणसाशी ठरलं होतं, जमलं तरच मिस्ड कॉल द्यायचा. सरांचा मोबाइल वाजला आणि मी चक्क नाचले. सर फ्लास्ककडे बघत एवढंच म्हणाले, "धरलं गं."

मग मला रिक्षात घालून, पेढे घेऊन, थेट उल्हासनगरच्या क्लचरवाल्या सिंधी शेठकडे.

"शेठ, बड़ी पास हो गई," सर म्हणाले.

मला काही कळेना. शेठ मात्र हरखले. सरांच्या तिन्ही मुलींची त्यांना खडान्‌खडा माहिती. चार वर्षं त्यांच्यासाठीच तर सर क्लचर नेतात, मोठीचीच काय ती काळजी होती, असं त्यांनी मलाच ऐकवलं. सर बेलवलीत एकटे राहतात, लग्नच केलेलं नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सर माळेतला एकेक क्लचर तपासत पाठमोरे उभे होते.

शेठनी खड्यांचा लाल क्लचर काढला. "ये बड़ी के लिए, मेरी तरफ से." मग माझ्याकडे बघून विचारलं, "यही है क्या?"

सर वळले. मी केस गुंडाळले, क्लचर लावला आणि म्हटलं, "हाँ अंकल. मैं ही बड़ी."

रिक्षात सर हळूच म्हणाले, "फार घट्ट होत नाही ना गं?"