तितो फेलिमोनच्या गाडीचा साचा

जुन्या चार दारांच्या स्पोर्ट्स गाडीला रुंद मडगार्ड चढवावेत तर आर्नेलनेच! आर्नेल म्हणजे मी. हे वाक्यही माझंच, पण इतक्या वर्षांत अख्ख्या व्हॅलेहो गावात ते कोणी खोडून काढलेलं नाही. दोन दारांची गाडी कोणीही सोम्यागोम्या फुगवतो. चार दारांच्या गाडीत मागच्या चाकावरचा फुगवटा थेट मागच्या दारावर येतो. दार उघडलं की त्यातला अर्धा दाराबरोबर यायला हवा, अर्धा गाडीशी राहायला हवा, आणि दार लावलं की सांधा दिसता कामा नये. हे येरागबाळ्याचं काम नाही!

म्हणून तर निम्फा तिता माझ्याकडे आल्या. तिता म्हणजे आमच्याकडची काकू, आणि त्यांचे यजमान फेलिमोन हे माझे तितो, म्हणजे काका. तितो मागच्या वर्षी गेले. मागे एक जुनी, चार दारांची डॅटसन गाडी राहिली. आपल्या हातांनी तिचे मडगार्ड रुंद करायचे हे त्यांचं स्वप्नही तसंच राहून गेलं.

"दर वर्षी म्हणायचा, येत्या उन्हाळ्यात करतो," तिता म्हणाल्या. "तो गेला, पण तो उन्हाळा काही आला नाही. आर्नेल, शनिवारी वर्ष पुरं होतंय. त्या दिवशी मी हे दुखवट्याचे काळे कपडे उतरवणार. मला त्याच्या थडग्यापाशी याच गाडीतून जायचंय. रुंद केलेल्या."

"तिता, तुम्ही निर्धास्त राहा! असे मडगार्ड करतो की तितो थडग्यातून उठून बघतील!"

"उठायला नको रे बाळा," तिता गंभीरपणे म्हणाल्या. "पडल्या पडल्या बघितले तरी पुरे."

मी कामाला लागलो. आधी गाडीवरच फोम चिकटवायचा, त्यावर पुट्टी चढवायची आणि घासून घासून हवा तो आकार आणायचा. मग त्यावर मेण. मेणावर फायबरचं कापड आणि रेझिन नावाचा चिकट द्रव. ते वाळून कडक झालं की उचकटून काढायचं. हा झाला साचा. खरे मडगार्ड या साच्यात बनतात. या सगळ्यात मेण म्हणजे देव! मेण नसेल तर रेझिन खालच्या वस्तूला जे मिठी मारतं ते जन्मात सोडत नाही.

मेणाचे मी हातावर हात दिले. शेवटचा हात पुसायचा नसतो, तो धुरकटच वाळू द्यायचा असतो. तो तसा ठेवून मी रेझिन आणायला गेलो. परत येऊन बघतो तर गाडी आरशासारखी लखलखत होती!

इथे कुठल्याही शहाण्या माणसाला शंका आली असती. मला अभिमान वाटला.

"लोईदा!" मी बायकोला हाक मारली. "बाहेर ये! बघ, माझं मेण आपोआप चमकायला लागलंय! याला म्हणतात हातगुण!"

"अरे, मघाशी तिता..."

"तितांना सांग, अशी चमक त्यांनी उभ्या जन्मात बघितली नसेल!"

"बघितली आहे त्यांनी," लोईदा म्हणाली. पण तोवर मी रेझिन कालवायला घेतलं होतं, आणि रेझिन कालवलं की मी कोणाचं ऐकत नाही. एरवीही फारसं ऐकत नाही, असं तिचं म्हणणं आहे.

त्या दिवशी माझ्या अंगात आलं होतं. तुकडे कशाला जोडत बसायचे? मी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, दारांच्या खालच्या अंगावरून, एकसंध कापड टाकलं. डावीकडे टाकलं, उजवीकडे टाकलं. लांब जाऊन बघितलं आणि स्वतःच्याच पाठीवर थाप मारली.

शुक्रवारी साचा काढायला बसलो. लाकडी पाचरी ठोकल्या, पाचरी मोडल्या. फटीत हवा मारायला गेलो, तर फटच नव्हती. माझा मेहुणा बोयेत गावातला सगळ्यात धिप्पाड माणूस. त्याने साच्याची कड धरून गाडीला पाय लावला आणि जीव खाऊन ओढलं. गाडीच सरकली!

"भावोजी," बोयेत घाम पुसत म्हणाला, "मेण लावलं होतं ना?"

"मला विचारतोस? मला? पोत्याने लावलं होतं!"

"मग कालच्या धुण्यात गेलं असणार," दारातून लोईदा म्हणाली.

"कसलं धुणं?"

"तेच तर काल सांगत होते! तू रेझिन आणायला गेलास तेव्हा तिता आल्या होत्या. म्हणाल्या, किती तेलकट ठेवली आहे गं गाडी या पोराने! गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि व्हिनेगर घेऊन बसल्या. काथ्याने घासली त्यांनी. कानाकोपऱ्यातून घासली."

साचा गाडीला चिकटला होता, गाडी साच्याला चिकटली होती, आणि चारही दारं सीलबंद झाली होती. तरी बरं, खिडक्यांच्या काचा खाली होत्या. ग्राइंडरने सगळं खरवडून काढायला निदान पंधरवडा लागला असता, आणि थडग्यापाशची वर्षाची प्रार्थना उद्यावर आली होती.

"जा आणि सांग त्यांना," लोईदा म्हणाली. "तुझी चूक नाहीये. आयुष्यात पहिल्यांदाच नाहीये."

मी तावातावाने निघालो. जाताना वाक्यंही जुळवली. तिता, ज्याचं काम त्यानेच करावं! तिता, निदान विचारायचं तरी!

तिता स्वयंपाकघरात होत्या. दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी पुतो करायचे होते. पुतो म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड, वाफवलेले केक. समोर छोट्या वाट्या मांडून त्या एकेकीला आतून तेलाचं बोट फिरवत होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. "एवढं तेल लावून होऊ दे. तेल नसेल तर वाटीतून सुटत नाहीत मेले."

मी खुर्ची ओढून बसलो.

"काल येऊन गेले मी तुझ्याकडे," तिताच पुढे म्हणाल्या. "त्याची गाडी धुतली. आर्नेल, वर्षभर लोक म्हणताहेत, प्रार्थना कर, मेणबत्ती लाव. सगळं केलं. पण त्याच्यासाठी काही केलं असं वाटलंच नाही रे कधी. काल गाडी घासताना वाटलं. त्याची पाठच घासून देतेय असं वाटलं."

आणि त्यांनी पुढची वाटी घेतली.

जुळवलेली सगळी वाक्यं मी तिथेच सोडून दिली, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "तिता, एक घोटाळा झालाय. साचा गाडीला चिकटला. मी... मी मेण लावायलाच विसरलो."

मेण! मी! विसरलो! जन्मात मी इतकं मोठं खोटं बोललो नव्हतो. वाटलं, निदान त्या तरी म्हणतील, छे, तू कसा विसरशील?

"वाटलंच मला," तिता म्हणाल्या.

बातमी तासाभरात गावभर झाली. एकानेही, अगदी एकानेही, 'आर्नेलच्या हातून असं होणं शक्य नाही' असं म्हटलं नाही! आंबो नावाचे तितोंचे जुने मित्र आहेत. त्यांनी फोनवर माझं सांत्वन केलं. म्हणाले, कधीतरी होणारच होतं.

शनिवारी तिता काळ्या कपड्यांत आमच्या गॅरेजसमोर उभ्या राहिल्या. गाडी मोडलेल्या हाडाला प्लास्टर घातल्यासारखी दिसत होती. जाड, खरबरीत, जागोजागी फायबरच्या दशा लोंबत होत्या.

"माझ्या गाडीतून चला ना," बोयेत म्हणाला.

"मी याच गाडीतून जाणार असं सांगितलं होतं," तिता म्हणाल्या. "स्टूल आण."

अडुसष्ट वर्षांच्या तिता खिडकीतून आत गेल्या. आधी पाय, मग बाकीच्या. कोणी हसलं नाही. पाठोपाठ कडक इस्त्रीच्या शर्टात मी शिरलो, तेव्हा मात्र लोईदाने तोंड फिरवलं.

टेकडीवर थडग्यापाशी सगळे नातेवाईक हात जोडून उभे होते. समोर गाडी थांबली आणि खिडकीतून आधी माझं डोकं बाहेर आलं. नंतर तिता आल्या. फादरनी क्षणभर डोळे मिटले. मग काही न विचारता गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं.

आंबो गाडीभोवती सावकाश फिरले. त्या खरबरीत फुगवट्यावर त्यांनी हात ठेवला आणि टोपी काढली.

"निम्फा," ते म्हणाले. "अगदी फेलिमोनच्या हातची वाटतेय गं. त्याचं कुठलंही काम असो, शनिवारचा वायदा, आणि शनिवारी असंच अर्धवट असायचं!"

तिता हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मग मला जवळ बोलावलं.

"काम बरंच राहिलंय का रे?"

"बरंच राहिलंय, तिता." मला मान वर करवेना. "हे सगळं घासून काढायचं, परत आकार द्यायचा. पुन्हा पहिल्यापासून."

"मग बरं झालं," तिता म्हणाल्या. "आज सगळं संपणार म्हणून रात्रभर मला झोप नव्हती."

सोमवारी सकाळी त्या माझ्या गॅरेजवर हजर झाल्या. पिवळा झगा घातला होता, एका हातात पुतोचा डबा होता आणि दुसऱ्या हातात बादली.

तेव्हापासून रोज येतात. मी साचा खरवडतो, त्या गाडी धुतात. जाताना न चुकता बजावतात, "आर्नेल, मेण विसरू नकोस हं या वेळी!" मी मान खाली घालून हो म्हणतो. मेण लावायची वेळ आता जवळ आली आहे. ते मी त्या घरी गेल्यावरच लावणार आहे, आणि गॅरेजची किल्ली उशाखाली घेऊन झोपणार आहे.