शालिनीबाईंच्या तळणमहालच्या स्वारीची हकीकत

श्री. अग्नीस वंदन, कढईस वंदन, आणि ज्या जिभेमुळे या दोहोंस अर्थ आला तीसही वंदन करून लिहितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पक्षीं एका राज्यात वर्तमान घडले. राज्याचे नाव लिहिणे उचित नाही.

त्या राज्यीं शालिनीबाई पोतनीस नामे गृहिणी होत्या आणि त्यांचे यजमान त्र्यंबकराव, मोजणी खात्यातून निवृत्त, स्वभावे सज्जन, बोलणे अत्यल्प. बाईंच्या हातच्या तळणीचा लौकिक मोठा. त्यांनी कढई चढविली की शेजारपाजारचे लोक काही ना काही निमित्त काढून दाराशी येत. ऐसे असता गत माघ मासीं बाईंस ताप आला, तो आठ दिवस राहिला आणि जातेसमयी चव व वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर बोलिले, येईल, परंतु केव्हा ते सांगवत नाही. मग एके सकाळी दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस घरभर पसरला, आणि बाई शेगडीपाशीच उभ्या असोन त्यांस काही कळले नाही. त्र्यंबकराव ओल्या अंगाने न्हाणीघरातून धावत आले, बटण फिरविले, खिडक्या उघडल्या, आणि बोलिले, “आता तू इथे पाऊल टाकायचं नाहीस. बस्स.” त्या दिवसापासून स्वयंपाकघर त्यांनी आपल्या ताब्यात घेतले आणि रोज खिचडी होऊ लागली. बाईंस खिचडी आणि ओला कागद सारखाच. त्या मुकाट जेवीत आणि खिडकीशी बसत, आणि दिवसेंदिवस वाळत चालल्या.

मग मार्गशीर्षात दुपारी निजल्या असता बाईंस स्वप्न जाहले. तळ्याएवढी कढई, आणि तिच्या तळातून सोनेरी वडे एकामागून एक चंद्रासारखे वर येताहेत, आणि तेलाचा तो नाद, जणू कोणी दूर बसून बाईंचेच नाव कुजबुजते आहे. जाग्या होऊन बोलिल्या, “अहो, मला तळणमहालात न्या.”

तळणमहाल म्हणजे कचेरीमागील खाण्याची जागा, राज्यभर विख्यात. त्र्यंबकराव म्हणाले, “अगं, तुला चव कळत नाही. तिथे जाऊन काय करायचं?”

“आवाज ऐकायचाय मला. तुमच्या खिचडीला आवाज नसतो.”

त्र्यंबकरावांनी पायताण चढविले. मग स्वारी निघाली. दाराशी पाटीवर “पोतनीस, दोन माणसं” ऐसे नाव लागले आणि काळ्या कोटांतले वकील, तालमीतले गडी, नवी जोडपी, ऐशा गर्दीत दोघे अर्धा तास तिष्ठत राहिले आणि मग आत जागा मिळाली. आत वाफ इतकी की माणसे पाण्याखाली चालल्यासारखी दिसत, आणि थाळ्या हवेतून तरंगत येत, आणि सहा कढयांचा नाद एकवटून छतापर्यंत भरला होता. बाई गालावर हात ठेवून ऐकत बसल्या. लहानू नामे वाढपी, मिशा पिकलेले, समोर येऊन उभे राहिले. बाईंनी बटाटेवडे, कांदाभजी, मिरचीभजी, साबुदाण्याचे वडे आणि कोथिंबीरवडी आणण्याची आज्ञा केली.

“मावशी, दोघांत एवढं संपेल?”

“संपवू. आणा तुम्ही.”

मग थाळ्या आल्या आणि बाईंनी वडा मोडला आणि वाफ चेहऱ्यास लागली. ऊन लागली, इतकेच. घास घेतला, कुरकुर कानात घुमली, आणि मग पुढे काही नाही. बाईंचे डोळे भरले. त्र्यंबकरावांनी हातातला वडा खाली ठेविला.

“चल, घरी जाऊ.”

“नाही. तुम्ही खा. आणि कसं लागतंय ते मला सांगा.”

एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्र्यंबकराव जेवणाविषयी “बरं झालंय” याउपर बोलिले नव्हते. त्यांस घाम आला. खाऊन म्हणाले, “चांगलं आहे.”

“असं नाही हो.”

मग त्यांनी दुसरा घास घेतला, डोळे मिटले, आणि अडखळत बोलू लागले. “आधी कवच मोडतं. मग बटाटा, ऊन, मऊ, जिभेवर पसरतो. हळद कळत नाही, पण नसती तर चुकल्यासारखं वाटलं असतं. मिरची लगेच येत नाही. उशिरा येते आणि घशाशी थांबते.” बाईंनीही डोळे मिटले. भोवतालचा गलका दूर दूर गेला आणि एक त्यांचाच आवाज उरला, आणि तो भज्यांपाशी आला, “काठाचा कांदा जरा करपलाय, तिथेच गोड लागतोय,” आणि वडीपाशी आला, आणि लहानू पाण्याचा जग हाती घेऊन तसेच उभे राहिले. मग त्र्यंबकराव थांबले आणि हळू बोलिले, “पण लसूण यांनी आधीच घातलाय. तू शेवटी घालतेस, कढई उतरवताना. आणि कोथिंबिरीचे देठ तू फेकत नाहीस, बारीक चिरून घालतेस. यांनी फेकलेत.”

बाईंनी डोळे उघडले. “तुम्हाला कळायचं हे?”

“रोज कळायचं.”

“मग बोलला का नाहीत कधी?”

त्र्यंबकराव थाळीकडे पाहत राहिले. “मला वाटलं, ताट चाटूनपुसून खातो, त्यात आलं सगळं.”

बाई हसल्या आणि हसता हसता रडल्या, आणि पदराने डोळे पुसून बोलिल्या, “उद्यापासून मी आत येणार. वास तुम्ही घ्या, मीठ तुम्ही बघा. हात माझा.”

त्र्यंबकरावांस ती गॅसची सकाळ आठवली. मग म्हणाले, “मी शेगडीशी उभा राहीन. मी नसताना पेटवायचं नाही.”

“नाही पेटवणार.”

ऐसा तह जाहला. मग उभयतांनी सगळ्या थाळ्या संपविल्या. बाईंनी केवळ कुरकुरीसाठी खाल्ले, आणि पोटभर खाल्ले.

दुसरे दिवशी त्या घरी कढई चढली आणि त्र्यंबकराव शेजारी उभे राहोन “आता घाल लसूण” ऐसे बोलते जाहले. फाल्गुनात एकदा हिंगाची पुसटशी चाहूल लागली, ऐसे बाई सांगतात. बाकी चव अद्याप आलेली नाही. स्वयंपाकघरावर उभयतांचा अंमल चालू आहे आणि त्या घरच्या राज्यात खिचडी बंद आहे. जाणिजे. लेखन येथे पुरे जाहले.