घाडींचं नख

घाडींची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या नव्या पर्सवर नख मारलं म्हणून. माझा नोकरीचा पहिला दिवस होता. पर्स आदल्याच संध्याकाळी मालाडच्या बाजारातून घेतलेली, दुकानदाराने शपथेवर अस्सल चामडं म्हणून दिलेली. ती टेबलावर ठेवून मी टाइपरायटरचं झाकण काढतेय तोवर चाळिशी ओलांडलेले एक उंच गृहस्थ आले, वाकले, आणि उजव्या अंगठ्याच्या लांब नखाने पर्सच्या कोपऱ्यावर त्यांनी रेघ ओढली. तपकिरी पापुद्रा निघाला. खाली पांढरं कापड.

"रेक्झिन," ते म्हणाले. "चामडं असतं तर आतपर्यंत चामडंच लागलं असतं. मी घाडी. वर प्रयोगशाळेत असतो."

मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. पुढे पर्सचा पापुद्रा आपोआपच सुटायला लागला, तेव्हा मनाशी कबूल केलं की माणूस आगाऊ असला तरी खोटा नाही.

आमची छोटी संशोधन संस्था गोरेगावला, आरे कॉलनीच्या कडेला होती. ऐंशीचं दशक निम्मं सरलेलं. मी तिथे टायपिस्ट, शास्त्रातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरीही आज मी तुम्हाला मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या भिंतीबद्दल अर्धा तास ऐकवू शकते, आणि हा दोष सर्वस्वी घाडींचा आहे.

दत्ताराम घाडी, मूळचे मालवणकडचे, राहायला दिंडोशीला. संस्थेत सायंटिफिक असिस्टंट, आणि अकरा वर्षं पीएच.डी. करत असलेले. ते नख ते रोज स्पिरिटने पुसत. नवी वस्तू दिसली की आधी नख. संस्थेच्या दारावरची पितळी पाटी त्यांनी खरवडली, आत लोखंड निघालं. संस्थेचे प्रमुख नि घाडींचे गाइड असलेल्या साहेबांना मिळालेल्या मानचिन्हाचं सोनं खरवडलं, ते बोटाला लागून आलं. एकदा मुलगी बघायला गेले असताना चांदीच्या वाटीतून खीर आली. घाडींनी खीर संपवली आणि वाटीच्या बुडाला नख लावलं. मुलीच्या वडिलांनी पाहिलं. लग्न तिथेच मोडलं.

"वाटी चांदीची होती का?" मी विचारलं.

"होती ना. अगदी आतपर्यंत," ते खिन्नपणे म्हणाले. "घर चांगलं होतं."

माणसांनाही ते हाच हिशेब लावत, फक्त नखाऐवजी प्रश्नाने. "आत गेलं, की नुसतं चिकटलं?" हा त्यांचा प्रश्न. साहेबांनी मिटिंगमध्ये शिस्तीवर तासभर भाषण दिलं की बाहेर पडताना घाडी मला हळूच विचारत, "काय बाई, आत गेलं, की नुसतं चिकटलं?" मी इंग्रजी सुधारायला क्लास लावला तेव्हाही तेच. आमच्या कॅशियरचे वडील गेले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. परत येताना बसमध्ये घाडी म्हणाले, "तो कॅशियरचा मोठा मुलगा, कोपऱ्यात बसून चपला नीट लावत होता, त्याच्या आत गेलंय. त्याला कुणी भेटलंच नाही." दुसऱ्या दिवशी ते एकटेच त्या मुलाला भेटून आले. हे मला कॅशियरकडून कळलं, घाडी बोलले नाहीत.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या प्रयोगात होतं. तो प्रयोग मला इतक्या वेळा समजावला गेलाय की आता मीच समजावते.

शाळेच्या पुस्तकात तंतुकणिका म्हणायचे ते हे मायटोकॉन्ड्रिया. शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतात. ("जवळजवळ प्रत्येक, बाई. रक्तातल्या तांबड्या पेशींत नसतात.") पेशीला लागणारी ताकद तिथे तयार होते. पण त्यांना स्वतःला लागणारी बहुतेक प्रथिनं तयार होतात बाहेर, आणि मग भिंती ओलांडून आत जातात. भिंती दोन, पहिली बाहेरची. प्रथिनाच्या पुढच्या टोकाला बहुधा एक छोटा तुकडा असतो, पाकिटावरच्या पत्त्यासारखा. बाहेरच्या भिंतीवर तो पत्ता वाचणारं कुणीतरी बसलेलं असतं.

"कोण बसलेलं असतं?" मी विचारलं होतं.

"तेच अजून कुणाला धड माहीत नाही," घाडी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं यांचं कुणीतरी खास तिथे बसलंय.

पत्ता पटला तरी गुंडाळलेलं प्रथिन आत जात नाही. आधी उलगडावं लागतं. "सुईच्या नेढ्यातून रीळ जात नाही, बाई, दोरा जातो." आत गेल्यावर पत्त्याचा तुकडा कापला जातो, प्रथिन तेवढं आखूड होतं, आणि त्यावरून कळतं की आत पोचलं. घाडींनी निवडलेलं प्रथिन मात्र हट्टी निघालं. त्याचा तुकडा कापलाच जात नसे. आत असो वा बाहेर, लांबी तेवढीच. मग ओळखायचं कसं? तर खरवडून. प्रथिन आणि मायटोकॉन्ड्रिया यांच्या मिश्रणात ट्रिप्सिन हे पाचक रसायन घालायचं. ते बाहेर चिकटलेलं सगळं प्रथिन खाऊन टाकतं, पण भिंतीपलीकडे त्याचा हात पोचत नाही. जे वाचलं ते आतलं. प्रथिनावर किरणोत्सर्गी खूण केलेली असे, त्यामुळे वाचलेलं प्रथिन शेवटी एक्स-रेच्या फिल्मवर काळा पट्टा होऊन उमटे. त्या पट्ट्यासाठी आठ-दहा दिवस वाट पाहायची.

मायटोकॉन्ड्रिया काढायचे बकऱ्याच्या ताज्या कलेजीतून. घाडी सकाळीच बाजारातून कलेजी बर्फात घालून आणत, साखरेच्या गार पाण्यात वाटत, आणि दुपारच्या आत प्रयोग उरकत, कारण ते कण तेवढेच तास धड राहतात. एकदा संस्थेचं बर्फाचं यंत्र बिघडलं तर हे मासळीबाजारातून बर्फ घेऊन आले. संबंध मजल्याला बोंबलाचा वास. साहेबांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "घाडी, हे काय?" घाडी म्हणाले, "साहेब, वास बाहेर आहे. नळीला बूच आहे."

घाडींच्या घरी फक्त वडील, अण्णा. गिरणी बंद पडल्यापासून घरीच, आणि गिरणीतल्या कापसाने छाती धरलेली. एकदा सुट्टीच्या दिवशी घाडींनी कलेजी आणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवली, तेव्हाचं अण्णांचं बोलणं ते स्वतःच हसत सांगत. "इतकी बरी कलेजी, नि साखरेच्या पाण्यात वाटतंस? अरे, सुक्का कर. मसालो मी वाटतंय." पण मुलाचं काम काय आहे हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. काहीतरी भिंतीतून आत जायचंय. रोज संध्याकाळी मुलगा चपला काढतोय तोवर खाटेवरून प्रश्न यायचा, "ता आत गेला काय रे?"

नऊ वर्षं उत्तर "नाय" होतं. मग एका खेपेला ट्रिप्सिन घालूनही पट्टा टिकला, ठसठशीत काळा. त्या संध्याकाळी घाडींनी सांगितलं, "गेला, अण्णा." अण्णांनी खाटेवरून उठून सबंध बिल्डिंगमध्ये साखर वाटली. "आमच्या दत्तान भिंतीतसून आत घातल्यान." शेजाऱ्यांना वाटलं मुलाने कुणाला तरी नोकरीला चिकटवलं. त्यांनी अभिनंदन केलं.

पुढची दोन वर्षं प्रबंध लिहिण्यात गेली. मी तो टाइप करत होते, मूळ आणि तीन कार्बन. एकशे चाळीस पानं झाली, आणि एका सकाळी घाडी येऊन म्हणाले, "बाई, सत्त्याण्णव पानाच्या पुढचं बाजूला ठेवा. एक तपासणी करायची राहिलीय."

ती अशी. साबणासारखं एक रसायन घालून भिंतीच विरघळवून टाकायच्या आणि मग ट्रिप्सिन घालायचं. भिंत नाही म्हटल्यावर आडोसा नाही. आतलं प्रथिनही खाल्लं गेलं पाहिजे, पट्टा नाहीसा झाला पाहिजे. तरच आधी त्याला भिंतीने वाचवलं होतं हे खरं. मी विचारलं, एवढी साधी गोष्ट दोन वर्षांत का केली नाहीत? ते बर्फ बघायला वर निघून गेले.

दहा दिवसांनी फिल्म धुऊन ते माझ्या टेबलाशी आले. खिडकीच्या उजेडात त्यांनी ती धरली. शेवटच्या रांगेत, जिथे काही नसायला हवं होतं, तिथे पट्टा होता, तसाच ठसठशीत.

"म्हणजे?" मी म्हटलं.

"म्हणजे आत गेलंच नव्हतं. त्याची गुठळी झाली होती. गुठळीला ट्रिप्सिनचा दात लागत नाही. मी समजत होतो भिंतीने वाचवलं." ते माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. तोवर ते कधी माझ्यासमोर बसले नव्हते. "मला शंका होती, बाई. पहिल्या महिन्यातच आली होती. सगळ्या जगाला नख लावत फिरलो, एवढं सोडून. तोवर अण्णा सांगून बसले होते."

मला त्यांचा राग आला, आणि रागाखाली इतकी कणव आली की मी उगाच रिबन बदलायला घेतली.

साहेबांनी फिल्म पाहिली. ते निवृत्तीला आले होते, त्यांना प्रबंध मार्गी लावायचा होता. "ही शेवटची रांग छापा म्हणून कुणी सांगितलंय? कात्री लावा."

घाडी म्हणाले, "साहेब, मग बाकीच्यांनाही लावायला पाहिजे." आणि खाली येऊन त्यांनी मला नवा मजकूर दिला. त्रेचाळीस पानं पुन्हा. जिथे जिथे आत गेलं असं म्हटलं होतं तिथे तिथे, गेल्याचा पुरावा नाही. मी शिव्या घालत टाइप केली, पण एकही चूक होऊ दिली नाही.

प्रबंध अर्थातच अडकला. पदवी त्यांना पुढे चार वर्षांनी मिळाली, दुसऱ्याच प्रथिनावर. अण्णा तेव्हा नव्हते. पण मला सांगायचंय ते त्या आधीचं.

पानं टाइप झाली तेव्हा घाडी दोन दिवस कामावर आले नव्हते. अण्णांचा दम वाढला होता. सह्या हव्या होत्या, म्हणून मी पानं घेऊन संध्याकाळी दिंडोशीला गेले. तिसरा मजला. घाडी चहा करायला आत गेले. अण्णा खाटेवर बसले होते, हाडं नि डोळे. माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

"बाई, ह्या सगळा तुमी टाइप केल्यात मा?"

"हो, अण्णा."

"ता आत गेला मा?"

मी काय करणार होते? मी म्हटलं, "गेलं, अण्णा."

आत स्टो बंद झाल्याचा आवाज आला. घाडी बाहेर आले, हातात कपबशी तशीच. "नाय अण्णा. ता आत गेलाच नाय. माझी चुकी झाली."

अण्णांनी विचारलं, "कधी कळला तुका?"

"कळला आता. संशय दोन वर्सां होतो."

"नि दोन वर्सां एकटोच घेवन फिरलंस? माका सांगूक काय झाला?"

"तुमी सगळ्यांका सांगल्यात," घाडी म्हणाले. चाळिशी उलटलेला माणूस, पण आवाज शाळेतून रडत आलेल्या पोरासारखा झाला.

अण्णांनी खाटेखालच्या चपला पायानेच ओढून घेतल्या. घाडी म्हणाले, अण्णा, दम लागेल. अण्णांनी ऐकलं नाही. भिंतीला हात लावत ते दारापर्यंत गेले आणि शेजारच्या घराची कडी वाजवली. शेजारीण बाहेर आली.

"आमच्या दत्ताचा ता आत गेलाच नाय हां," अण्णा म्हणाले. "कोणाक कळला नसता. पण तेना स्वता शोधून काढल्यान."

शेजारणीला काही कळलं नसावं. ती म्हणाली, "बरं झालं, अण्णा." अण्णांनी मान डोलावली आणि पुढची कडी वाजवली. तेच वाक्य, त्याच ताठ मानेने. त्या मजल्यावरची चारही घरं झाली. मग ते जिन्याकडे वळले. एक पायरी उतरायची, थांबायचं, श्वास घ्यायचा. आम्ही दोघं मागून चाललो होतो. घाडींच्या हातातला चहा कपात कमी आणि बशीत जास्त झाला होता, आणि ते रडत होते, लपवतही नव्हते.

दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे अण्णांना पुढे जाववेना. ते पायरीवर बसले. घाडी धावले. अण्णांनी त्यांचा हात धरून शेजारी बसवलं आणि कितीतरी वेळ तो सोडला नाही.

"खालची घरां उद्या," ते म्हणाले. "तू येव नको. माजा मी सांगतंय."