मागच्या खेपेला काय खाल्लं?

लतीफचाचा फोन उचलून कधीच हॅलो म्हणायचे नाहीत. रिसीव्हर कानाला लावून गप्प बसायचे. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करून दमला, की विचारायचे, "माज्याकडं मागच्या खेपेला काय खाल्लं?"

जुन्नरच्या पेठेत त्यांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. मी डिंगोऱ्याहून एसटीने कॉलेजला यायचे आणि दुपारी त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर बसायचे. आमच्या घरात कॉम्प्युटरला हात लावणारी मी पहिलीच, त्यामुळे मला तो येतो असं सगळ्यांना वाटायचं. थोडंफार मलाही.

कंपनीचा माणूस आला, की चाचा त्याला मागच्या खोलीत जेवायला बसवत. एकटे राहत, रांधतही स्वतःच. कुणाला काय वाढलं ते डोक्यात पक्कं. दिवाळीच्या तोंडावर मोटारींना मागणी वाढली, की फसवे फोन सुरू व्हायचे. माल अडकलाय, बक्षीस लागलंय, नंबर सांगा. चाचांचा प्रश्न ऐकून बहुतेक जण 'चहा' म्हणत आणि तिथेच अडकत. नुसत्या चहावर माणूस वाटेला लावणं चाचांना पाप वाटे. एकदा एका खऱ्या साहेबाला मासवडी आठवेना, तर त्याचीही ऑर्डर रद्द झाली. "मासवडी इसरला, त्यो मोटार काय ध्यानात ठेवील?"

मला सांगायचे, "आवाज कुणाचाबी काढता येतो, पोरी. ताटातलं न्हाई सांगता येत."

बँकेचं खातं कॉम्प्युटरवर आलं, तेव्हा तिथेही एक गुप्त प्रश्न हवा होता. चाचा म्हणाले, आपलाच टाक. उत्तर मात्र बराच वेळ सांगेनात. मग म्हणाले, "अर्धी वाटी शेंगोळी." कुणी खाल्ली, हे विचारायचा मला धीर झाला नाही. पासवर्ड ते मला भिंतीकडे तोंड करायला लावून, एका बोटाने स्वतः टाकत.

त्या वर्षी दिवाळीआधी बँकेची ईमेल आली. सणामुळे तपासणी चालू आहे, आजच माहिती भरा, नाहीतर खातं बंद. मी घाबरले. दुकानाचा सगळा कारभार त्या एका खात्यावर होता आणि चाचा नमाजला गेले होते. मी नाव, फोन, गुप्त प्रश्न, उत्तर भरलं. पासवर्ड ठाऊक नव्हता, म्हणून ती जागा कोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी वीज गेली. अर्धं शटर ओढलेलं. अंधारात मोटारी ओळीने बसलेल्या माणसांसारख्या दिसत होत्या. फोन वाजला. चाचा गप्प. दुकान इतकं शांत होतं, की पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. तरुण होता, बँकेतून बोलतोय असं हिंदीत सांगत होता. चाचांनी प्रश्न विचारला.

"आधी कटोरी शेंगोळी," तो म्हणाला.

चाचांचा मोकळा हात काउंटरवर काहीतरी शोधू लागला. "सलीम?"

पलीकडचा जरा अडखळला. मग, "हाँ. पासवर्ड बताइए."

चाचांचे ओठ हलायला लागले. मी रिसीव्हरवर हात दाबला.

"चाचा, ते उत्तर मीच लिहिलं होतं. काल, बँकेच्या ईमेलमध्ये. ती ईमेल खोटी असणार."

ते रागावले नाहीत.

"तेरा वर्साचं व्हतं माजं पोरगं," ते हळूच म्हणाले. "रुसून अर्धी वाटी टाकून गेलं. आवाजबी फुटला नव्हता. आता फोनवर आला, तर मी कशावरून वळखू?"

मी हात काढला. त्यांनी फोन परत कानाला लावला.

"पासवर्ड न्हाई मिळायचा, बाळा," ते म्हणाले. "आज जेवलास का?"

पलीकडे नुसता श्वास होता. मग इतका वेळ हिंदी बोलणारा तो आवाज हलकेच म्हणाला, "नाय."

आणि फोन कट झाला.

वीज आल्यावर आम्ही पासवर्ड, गुप्त प्रश्न, सगळं बदललं. पाचची एसटी गाठायला मी निघाले, तेव्हा चाचा मागच्या खोलीत शेंगोळ्यांसाठी हुलग्याचं पीठ मळत बसले होते. फोन त्यांनी लांब वायर ओढून आत, परातीशेजारी घेतला होता.