कर्त्याला विचारा

"बाबा, तुम्ही फक्त बसायचं," मुलीने बुटांची नाडी बांधता बांधता पुन्हा बजावलं. "टाळ्या नाहीत, मधेच 'शाब्बास' नाही, काही नाही. नुसतं बसायचं."

"बसायचं काय शिकवतेस मला? उभी हयात बसून काढली मी!"

ते खरंच होतं. बाबा बसचे ड्रायव्हर. मुलीच्या पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा होती आणि ती खुली होती, म्हणजे कुणीही येऊन ऐकू शकत होतं. हे कळल्यापासून बाबांनी डेपोत एकाही माणसाला सुखाने चहा पिऊ दिला नव्हता.

"डॉक्टर कशात होणार?" मेकॅनिकने विचारलं होतं.

"माणूस एखादी गोष्ट करतो, तर तिचा अर्थ काय, आपण तो लावायचा कसा, त्यात."

"म्हणजे वेड्यांची डॉक्टर?"

"छे! शहाण्यांची. वेड्यांचं सोपं असतं."

सभागृहात शिरताना आईने आत्याला आणि मामाला बाजूला घेतलं. "हे बघा, आपल्याला तिथलं काही कळायचं नाही. तेव्हा ह्यांच्याकडे लक्ष ठेवायचं. हे करतील ते करायचं. उगाच पोरीची शोभा नको."

पहिली रांग अशी सज्ज झाली. मुलगी बोलायला लागली. अर्धं डोक्यावरून जात होतं. पण ती न अडखळता बोलतेय एवढं कळायला काही शिक्षण लागत नव्हतं. बाबांची छाती शर्टाच्या बटणांना पेलवेनाशी झाली.

मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला. पांढरेशुभ्र केस, शांत आवाज. असा आवाज की, विद्यार्थ्यांना त्यापेक्षा आरडाओरडा परवडतो.

"तिसऱ्या अध्यायात आपण म्हणता, की कृतीचा अर्थ बघणाऱ्याने परस्पर ठरवू नये. करणाऱ्यालाच, म्हणजे कर्त्यालाच विचारावं. आपल्या या मताशी मी अजिबात सहमत नाही. आपल्यासारख्या अभ्यासकाने इतकं भाबडं विधान..."

आणि बाबा उभे राहिले.

ताठ. हात मांड्यांना चिकटलेले. आईने त्यांना पाहिलं आणि तीही उठली. पाठोपाठ आत्या. मामाचा डोळा लागला होता, तो खुर्चीसकट उठायला निघाला. मागे बसलेल्या विद्यार्थ्यांना वाटलं, पुढचे उठले म्हणजे काहीतरी असणार, तेही उठले. विभागप्रमुखांना वाटलं, कुणीतरी मोठं माणूस गेलं आणि आपल्यालाच खबर नाही. त्यांनी उभं राहून, मान खाली घालून डोळे मिटले. त्यांचे मिटलेले डोळे पाहून ज्यांना शंका होती त्यांचीही खात्री पटली.

दाराशी उभ्या शिपायाने सगळं सभागृह उभं असलेलं बघितलं. संपलं वाटतं, असं म्हणून तो चहाचा ट्रे आणि पुष्पगुच्छ घेऊन आत आला आणि गुच्छ त्याने थेट परीक्षकांच्या हातात दिला.

सभागृहात बसलेले आता ते एकटेच होते.

"हा काय प्रकार आहे?" ते म्हणाले. "माझा निषेध? फुलं देऊन हाकलताय मला?"

मुलीच्या मार्गदर्शक बाई पांढऱ्याफटक पडल्या. "नाही सर, निषेध कसला..."

"मी ही परीक्षा इथेच थांबवू शकतो, बाई."

पाच वर्षांची मेहनत मुलीच्या डोळ्यांसमोर उठून चालायला लागली होती. "सर, निषेध नाही हा."

"मग काय आहे? आपला विषयच आहे ना हा? लावा अर्थ."

मुलीने पहिल्या रांगेकडे हात केला. "सर, ते माझे वडील. आमच्या घरात एवढं शिकलेलं कुणी नाही. आपल्या मुलीशी एक विद्वान चर्चा करतोय, हे बघून ते उठले. उठणं ही त्यांच्या शरीराची आदर दाखवायची भाषा आहे. बाकीच्यांनी ती ओळखली, म्हणून तेही उठले."

ती इतकं छान बोलली की, आपण खरोखर आदरानेच उठलो होतो असं आत्याला वाटायला लागलं. विभागप्रमुखांनीही डोळे उघडून मान डोलावली.

"सुरेख," परीक्षक म्हणाले. "फक्त आपल्याच तिसऱ्या अध्यायाप्रमाणे कर्त्याला विचारायचं राहिलं." ते वळले. "काय हो, आपण का उठलात?"

बाबांचं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"पायात गोळा आला, साहेब. क्लचचा पाय आहे ना..."

सभागृह फुटलं. चहाचा ट्रे खळखळ वाजला. आईने कपाळाला हात लावला, तर तेही करायचं असेल म्हणून मामानेही लावला. मुलगी क्षणभर लालबुंद झाली. मग तिने हात वर केला.

"सर, मी आत्ता सगळ्यांदेखत सपशेल चुकले. आणि कुणाच्या बाबतीत? ज्यांना जन्मापासून ओळखते त्यांच्या! कारण मी कर्त्याला विचारलं नाही. तिसऱ्या अध्यायाला याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही."

परीक्षकांनी चष्मा नाकावर आणून तिच्याकडे नीट पाहिलं. मग ते पोट धरून हसले, उठले आणि हातातला गुच्छ त्यांनी तिला देऊन टाकला. "अभिनंदन, डॉक्टर."

संध्याकाळी घरी आई मलम घेऊन आली. "द्या पाय इकडे. कुठे आला होता गोळा?"

बाबांनी उजवा पाय पुढे केला.

मुलगी बघत होती. ती ड्रायव्हरची मुलगी होती. "बाबा," ती म्हणाली, "क्लच डाव्या पायाला असतो."

बाबांनी घाईघाईने पाय बदलला. पण उशीर झाला होता.

"खरं सांगा. का उठलात?"

"काही नाही गं..." बाबा पायाकडे बघत राहिले. "ते साहेब तुला म्हणाले, 'आपण म्हणता'. 'आपलं मत'. 'आपल्यासारख्या अभ्यासकाने'. एवढा पांढऱ्या केसांचा माणूस! मला उभ्या जन्मात लोकांनी 'ओ ड्रायव्हर'च्या पुढे काही म्हटलं नाही. आणि तुला आपण-आपण केलं. मला बसवेचना."

"बाबा, ते मला झोडपत होते!"

"झोडपू देत की! पण 'आपण' म्हणून झोडपत होते ना?"

मुलगी मटकन खाली बसली. "मग तिथे पाय का सांगितलात?"

"खरं सांगायला गेलो असतो तर रडू आलं असतं. भर सभेत बरं दिसतं का ते?"

"म्हणजे मी लावलेला अर्थ बरोबर होता!" ती डोकं धरून म्हणाली. "आणि तिसरा अध्याय साफ चूक. कर्त्याला विचारलं, तर कर्ता धडधडीत खोटं बोलला!"

बाबा घाबरले. "मग... परत करावी लागते का पदवी?"

"काही परतबिरत नाही," आईने मलमाच्या बाटलीचं झाकण लावलं. "आणखी एक अध्याय जोड. कर्त्याच्या बायकोला विचारा."

हसता हसता मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने पानं घेतली. बाबा उठले, आपली नेहमीची खुर्ची त्यांनी ओढून बाजूला धरली आणि खाकरून म्हणाले, "चला. आपण जेवून घ्यावं."

"आपण म्हणजे?" मुलीने विचारलं. "सगळे, की मी?"

बाबा खुर्ची धरून तसेच ताठ उभे राहिले. "डॉक्टर तू आहेस," ते म्हणाले. "लाव अर्थ."