दक्षिणेकडचं उसं

"मेली समजून झोपवतोयस व्हय रं मला?" अंबूबाईंनी पलंगाकडे बघत विचारलं.

अर्जुनाच्या कपाळावरचा घाम अजून वाळला नव्हता. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. दोन महिने जमिनीवर बसायचं नाही, झोपायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून कवठे महांकाळकडच्या वस्तीवरून तिला त्यानं साताऱ्यात आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणलं होतं. टेकून बसता यावं म्हणून उशाला उंच कोरीव फळी असलेला नवा पलंगही घेतला होता.

"काय झालं, आत्या?" सून मंगल हात पुसत स्वयंपाकघरातून आली.

"उसं उत्तरेला केलंय. उत्तरेला डोकं कुणाचं करत्यात?"

"आई, मोबाईलात बघूनच ठेवलाय. उसं दक्षिणेलाच हाय," अर्जुना म्हणाला.

"ह्याच मोबाईलनं कोयनानगरला जाताना आपल्याला म्हशीच्या गोठ्यात नेऊन सोडलं हुतं. ह्या खिडकीत सकाळी ऊन येतंय का न्हाई?"

"येतंय."

"मग ही उगवत. उगवतीकडं तोंड केलं की उजव्या हाताला दक्षिण. एवढं मेंढराच्या पिल्लालाबी कळतंय."

अर्जुनानं खिडकीकडे पाहिलं. खिडकीची काच धुरकट होती आणि कबुतरांच्या त्रासापायी ती खिळे मारून कायमची बंद केली होती. पण सकाळी चहाच्या वेळेला तिच्यातून डोळे दिपवणारं ऊन आत यायचं हे खरं होतं. अर्जुना आणि मंगल इथं राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. दिशा कळायला आकाश लागतं आणि त्या इमारतीत ते कुणाच्याच वाट्याला फारसं आलं नव्हतं.

शिवाय दिशेच्या बाबतीत अंबूबाईंचा शब्द म्हणजे शब्द. दिवाळी सरली की त्यांचा वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तांडा, मेंढरं घेऊन मावळतीला निघायचा. मावळत म्हटलं की अंबूबाईंच्या डोळ्यांपुढे हिरवा चारा यायचा, मेंढरं शेतात बसवल्याबद्दल पायलीनं जोंधळा देणारे कृष्णाकाठचे शेतकरी यायचे, घोडीवर बांधलेली पोरं आणि कोंबड्या यायच्या. पुढं पाऊस तोंडावर आला की उगवतीला परत, म्हणजे आपल्या माळावर, आपल्या बिरोबाला. धुक्यात पुरुषमाणसं वाट चुकली तर सासरे म्हणायचे, "अंबूला फुडं घाला." नवी नवरी असल्यापासून त्या पुढं चालत आल्या होत्या. आता गुडघ्यानं दगा दिला आणि साताऱ्यात बसून राहायची पाळी आली. इथं त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. दूध किती घ्यायचं हेसुद्धा नाही.

म्हणून "बरं, फिरवू" असं अर्जुना म्हणाला, तेव्हा त्यांना फार बरं वाटलं.

पण खोली अरुंद. कपाट बाहेर काढल्याशिवाय पलंग फिरेना. कपाट बाहेरच्या खोलीत नेलं, तर टीव्ही झाकला गेला. टीव्ही समोरच्या भिंतीला नेला, तर तिथला फ्रीज हलवावा लागला. फ्रीज स्वयंपाकघरात गेला आणि त्याचं दार उघडलं की मंगलला ओट्यापाशी उभं राहता येईना. या सगळ्यात अर्जुनाच्या कमरेत उसण भरली आणि तो पट्टा बांधून हिंडू लागला.

अंबूबाई मात्र त्या रात्री गाढ झोपल्या. सकाळी त्यांनी सगळ्यांना ऐकवलं, "बघा. दक्षिणेला डोकं केलं की झोप कशी लागती."

ही गोष्ट मंगलनं लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या संयोगिताला सांगितली. संयोगिताच्या सासऱ्यांचं घोरणं साऱ्या जिन्याला ठाऊक होतं. ती लगेच वर आली.

"आजी, आमचं उसं कुठल्या बाजूला पाहिजे?"

"ह्याच बाजूला. आमच्या खालीच हाय न्हवं तुमचं घर?"

दोन दिवसांनी ती पेढे घेऊन आली. मामंजींचं घोरणं निम्म्यावर आलं होतं. मग पहिल्या मजल्यावरचे लोक आले. मग कुणी देव कुठं मांडायचे ते विचारायला आलं, तर कुणी मुलाला अभ्यासाला कुठं तोंड करून बसवायचं ते. अंबूबाई उशाच्या फळीला टेकून, पदर सावरून उत्तरं द्यायच्या. इमारतीतून दिवसभर पलंग ओढल्याचे आवाज येत राहायचे.

शेजारच्या घरातून अख्तरबी तेवढ्या कधी विचारायला आल्या नाहीत. त्या रोज दुपारी गप्पा मारायला यायच्या. दोघींचं वय एकच, दोघी नवऱ्यामागं राहिलेल्या. अख्तरबी पलंगाकडे बघायच्या, काहीतरी बोलायला तोंड उघडायच्या आणि मग भाजीचं विचारायच्या.

एके दिवशी अंबूबाई काठी टेकत त्यांच्याकडे गेल्या. अख्तरबींच्या नमाजाची वेळ झाली होती. "बसा हां, आलेच," म्हणत त्यांनी आतल्या खोलीत जानमाज अंथरलं, ते सरळ खिडकीकडे तोंड करून. अंबूबाईंच्या घरात सकाळचं ऊन येणारी खिडकी होती, त्याच अंगाची ही खिडकी.

 मुसलमानाचा नमाज मावळतीकडं, हे अंबूबाईंना लहानपणापासून ठाऊक होतं. कवठ्याच्या बाजारातला वजीर कातरवाला वाड्यावर लोकर कापायला यायचा, तेव्हा संध्याकाळी बुडत्या उन्हाकडं तोंड करून उभा राहायचा. आणि ही बाई बिचारी किती वर्षं उगवतीकडं पाठवतीये सगळं.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. सांगावं तर बाईचं काळीज फाटेल. न सांगावं तर मैत्रीण कसली? सकाळी खिडकीत ऊन आलं, तशा त्या उठल्या आणि शेजारी गेल्या.

"अख्तरबी, एक बोलू? रागाला येऊ नगा."

"तुमच्यावर कसला राग?"

"ह्या घरात ऱ्हायला आला, तवा दिशा कुणी दाखवली तुमास्नी?"

"नमाजाची? मौलानासाब खुद आले होते. का?"

"चुकलं बघा त्येंचं." अंबूबाईंनी त्यांचा हात धरला. "तुमी उगवतीकडं तोंड करून नमाज पडताय. माझ्यावर इश्वास ठेवा. आता बी ऊन तिकडनंच आलंय."

अख्तरबी उठल्या. मग त्यांनी अंबूबाईंना आतल्या खोलीत नेलं. त्यांची खिडकी उघडत होती. पल्याड, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, काचेच्या भिंतींची उंच इमारत दुपारनंतरचं ऊन अडवत उभी होती आणि तिच्या वरच्या काचेत सूर्य नुसता पेटला होता.

"आता इकडं चला," म्हणत त्यांनी अंबूबाईंना हळूहळू जिन्यापाशी आणलं. जिन्याच्या जाळीतून, इमारतीच्या मागच्या अंगाला, दुसरा सूर्य होता. खरा. तापलेला.

अंबूबाई कठड्याला धरून एकदा जाळीतून बाहेर, एकदा मागं अख्तरबींच्या दाराकडे बघत राहिल्या.

"त्यो काचेतला हुता व्हय," त्या शेवटी म्हणाल्या.

"हां."

"म्हंजे माझं डोकं..."

"पहिल्या दिवसापासून उत्तरेला," अख्तरबी हळूच म्हणाल्या. "रोज वाटायचं, बोलावं. पर म्हटलं, तुमच्यात असंच असंल. आणि आजारी माणसाला कसं सांगायचं, की बाई, तुम्ही मयतासारख्या झोपताय?"

आधी अख्तरबींना हसू आलं, मग अंबूबाईंना. हसता हसता अंबूबाईंना संयोगिताचे पेढे आठवले आणि हसू थांबलं. सबंध इमारत त्यांच्या शब्दावर उत्तरेला डोकं करून निजत होती.

"सांगू नका हवं तर," अख्तरबी म्हणाल्या. "मी नाही बोलणार कुणाला."

अंबूबाई बराच वेळ जिन्यात उभ्या होत्या. सांगितलं की उद्यापासून कुणी वर येणार नाही. पुन्हा फळीला टेकून भिंतीकडे बघत बसायचं. पण धुक्यात वाट चुकली, तर मागच्यांना ओरडून सांगायचंच असतं. आपली अब्रू जाईल म्हणून मेंढरं कड्यावरनं पुढं घालायची नसतात.

त्या घरी आल्या. संयोगिता चहाला आलीच होती. अंबूबाईंनी काही न झाकता सगळं सांगितलं.

अर्जुनानं कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवला. "आई, सकाळची गोळी घेतलीस का?"

"गोळीचं काय मधेच? त्या खिडकीकडं मावळत हाय, बाबा."

"आत्या, रोज सकाळी ऊन येतंय की त्या खिडकीत," मंगल समजुतीनं म्हणाली. "तुमीच तर सांगितलंत."

"म्या चुकले."

"तू चुकायची न्हाईस," अर्जुना ठामपणे म्हणाला. फ्रीज, टीव्ही आणि कपाट यांच्याकडे त्यानं एकेकदा नजर टाकली. "दिशेच्या बाबतीत तू कवा चुकली न्हाईस. औषधानं गरगरत असंल. डॉक्टरला इचारतो."

"आणि आजी, मामंजी इतके शांत झोपताहेत," संयोगिता घाईनं कप खाली ठेवत म्हणाली. "दक्षिण असो का उत्तर, आमचा पलंग आता हलणार नाही." ती गेली.

चुकलेलं सांगितलं तेव्हा सगळी इमारत हलली होती. खरं सांगितलं, तर एक उशीसुद्धा हलेना.

उशी. अंबूबाई काठी टेकत खोलीत गेल्या. कोरीव फळीपाशी ठेवलेली आपली उशी त्यांनी उचलली आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. चादरीची घडी पायांच्या बाजूला, म्हणजे फळीकडे, सरकवली. मग काठी भिंतीला लावून शांतपणे आडव्या झाल्या.

दारात अर्जुना उभा होता. त्याच्या मागं मंगल. दोघं उशीकडे बघत होते. एवढ्या वेळात अर्जुनाचा हात कमरेवरून खाली आलाच नाही.

"आई," तो म्हणाला, "हे पहिल्याच दिवशी का न्हाई सुचलं तुला?"

अंबूबाईंनी डोळे मिटले. "सुचलं असतं," त्या म्हणाल्या, "तर मग मला कुणी कायबी इचारलं असतं का?"